फसलेला तास

शाळेतल्या शिक्षकांचा एक अभ्यासगट होता. दर महिन्याला एकानं आपला फसलेला तास सगळ्यांपुढे प्रामाणिकपणे सांगायचा, पुढच्या आठवड्यात तोच तास पुन्हा घ्यायचा आणि बाकीच्यांनी मागच्या बाकांवर बसून मदत करायची. कल्पना झकास होती. जुनी खोडं त्यात पुरती मुरलेली. कुणाचा तास घंटा लवकर वाजल्यामुळे फसे, कुणाचा मुलांना विषय फारच आवडल्यामुळे.

पाचवीच्या गणिताच्या बाई गटात नव्या होत्या. त्यांना तिथे आणलं नणंदेनं. ती वरच्या वर्गांना गणित शिकवायची. यंदा एकच जागा कायम होणार होती आणि हंगामी शिक्षिका होत्या दोघी: गणिताच्या बाई आणि नणंदेची सून. बाईंचा नवरा घरी बसून होता, त्या नोकरीवरच त्यांची चूल पेटत होती. नणंदेला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? भाऊच तिचा.

"मनात काही ठेवू नकोस गं," नणंद म्हणाली. "गटातलं गटात राहतं. खरं बोलणाऱ्याचीच इथे किंमत असते."

सुनेनं आपल्या पाळीला घंटेचं कारण पुढे केलं. बाईंनी मात्र सगळं ओकून टाकलं. अपूर्णांकांचा भागाकार आपण इतकी वर्षं शिकवतो, दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा म्हणतो, पण उलटा का करायचा हे आपल्यालाच कधी कळलेलं नाही. आता नीट शिकून घेईन, म्हणाल्या. गटानं टाळ्या वाजवल्या, नणंदेनं पाठीवरून हात फिरवला. बाईंना किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

तासाच्या दिवशी मागच्या बाकांवर गट बसला आणि मधोमध मुख्याध्यापक. ते एरवी फिरकत नसत. नणंदेनंच आग्रह करून आणलं होतं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. फळ्यावर तीन भागिले एक द्वितीयांश लिहिलं आणि घोकलेलं सगळं डोक्यातून गेलं. मुलं खुसखुसू लागली.

नणंद उठली. बाईंच्या हातातला खडू तिनं हळूच काढून घेतला, कागदाच्या तीन पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या कापल्या आणि तीनमध्ये अर्धे किती ते मोजायला लावलं. सगळा वर्ग सहा म्हणून ओरडला. मग तिनं पहिल्या बाकावरच्या भाचीकडे, बाईंच्याच लेकीकडे, बोट केलं.

"तुला हे आधी का नाही कळलं? तू तर घरीही विचारू शकतेस."

पोर उभी राहिली. "मी विचारलं होतं, आत्या. आई म्हणाली, असलं विचारायचं नाही. मला वर्गाबाहेर उभं केलं."

"शाब्बास," नणंद म्हणाली. "खरं बोललीस."

मुख्याध्यापक उठले. जाताना सुनेशी हसून दोन शब्द बोलले, बाईंकडे बघितलंही नाही. जागा गेली, हे बाईंना तिथेच कळलं.

नणंदेवर चिडायला हवं होतं. बाई चिडल्या पोटच्या पोरीवर. तिच्याकडे नुसतं बघितलं.

पोर आत्याच्या मागे जाऊन उभी राहिली.