एक ‘हो’, एक ‘नको’

माल्टातल्या आमच्या मार्साश्लोक या कोळीगावात युरोपीय संघाचा विषय निघाला, की नेनू आणि विस्तीन या भावांची आई आधी टेबलावरच्या सुऱ्या उचलायची. धाकट्या नेनूला माल्टा संघात जायला हवा होता. आपली मासळी विनाजकात सिसिलीच्या बाजारात उतरेल, असा त्याचा हिशेब. विस्तीनचं म्हणणं, संघात पाय ठेवला की परक्यांची मोठी जहाजं दाराशी येऊन समुद्र खरवडून नेतील. मागच्या निवडणुकीत दोघांचं इतकं बिनसलं होतं, की वडलांची नाव सबंध उन्हाळा किनाऱ्यावर तडकत पडली.

म्हणून संघात जायचं की नाही, या सार्वमताला दोघांनी करार केला. एक ‘हो’, एक ‘नको’. एकाने दुसरं खोडलं जाणारच, तर मत द्यायचं कशाला? त्यापेक्षा मासेमारीला जाऊ. खात्री म्हणून, ज्यांच्याशिवाय मत देता येत नाही ते मतदानाचे कागद अदलाबदल करून एकमेकांच्या खिशात ठेवले.

मासळी बरी लागली. संध्याकाळी परतताना झारेनची नाव शेजारून गेली. झारेन विस्तीनच्या पक्षाचा. त्याने टोपी काढून नेनूचे आभार मानले.

“कशाबद्दल?”

“मताला गेला नाहीस म्हणून. जे येत नाहीत त्यांनाही आम्ही ‘नको’तच धरतोय, बाबा. एका भावाची आशा होती, दोन मिळाले.”

नेनूच्या हातातलं जाळं तसंच राहिलं. तुला हे ठाऊक होतं का, असं त्याने भावाला विचारलं. विस्तीनने सुकाणूवरून नजर उचलली नाही. परवाच पक्षाच्या क्लबात कळलं होतं, म्हणाला.

“माझा कागद दे. नाहीतर उद्या नाव मधोमध कापू. इंजिनाचा भाग तू घे, मी वल्हवीन.”

विस्तीनने कागद काढला. वाऱ्याने तो असा फडफडला, की आता गेलाच पाण्यात, असं नेनूला वाटलं. पण विस्तीनने तो नेनूच्या छातीवर दाबला आणि इंजिन पूर्ण वेगात सोडलं.

“आता माझाही दे.”

“घे. चोरटा कुठला.”

नाव धक्क्याला आदळली. मासळीच्या पेट्या मांजरांच्या हवाली करून दोघे रबरी बुटांसकट, मतदान बंद व्हायच्या आत, मतदान चालू असलेल्या शाळेकडे धावत सुटले. दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांमधून लोक आपापल्या पक्षाच्या भावाला चेव देत होते. होड्यांच्या शर्यतीलाही एवढा गलका होत नाही. चर्चच्या पायऱ्यांपाशी विस्तीनचा गुडघा आखडला.

नेनू पोचला तेव्हा पोलीस शाळेचं दार ओढून घेत होता. नेनूच्याच पक्षाच्या माणसाने त्याला दंडाला धरून आत खेचलं.

“आलास, छान झालं. लागू दे आता दार.”

नेनूने मागे पाहिलं. विस्तीन भिंतीला हात लावत, लंगडत येत होता. नेनूने दाराच्या फटीत बूट घातला.

“वेडा झालास का? तो ‘नको’वाला आहे.”

“माहितीय,” नेनू म्हणाला, आणि बाहेर तोंड काढून ओरडला, “विस्तीन, पळ रे गाढवा!”