पिल्लं निवडणारीचा रकाना

माणसाचा धंदा मी दारातूनच ओळखते, असा माझा तोरा होता. बावीस वर्षं घरोघरी सर्वेक्षणाचे फॉर्म भरतेय, मला कुणी शिकवू नये. त्या दुपारी मात्र तो तोरा पार उतरला.

घर मायलेकांचं. लेक कचेरीत मोठा साहेब, त्याचा कामाचा गट दोन मिनिटांत लिहून झाला. आईच्या रकान्यावर आले, तर उत्तरं तोच द्यायला लागला. ती कोंबडीच्या पिल्लांत काम करते, पण महिनाअखेरीला सोडणार आहे, तेव्हा 'काम नाही' असंच लिहा म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेल्या सात दिवसांत तासभर जरी काम केलं असेल, तरी ते लिहायचं आणि ज्याचं त्यालाच विचारायचं, हा आमचा नियम. पण मी तरी काय दिवे लावले? न विचारताच 'अकुशल मजूर, गट नऊ' खरडून मोकळी झाले.

त्याची आई, म्हणजे मावशी, कामाच्या पाळीवर जायला चपला घालत होत्या. "सोडणार नाही मी," त्या मला म्हणाल्या. "याला लाज वाटते, म्हणून सोडायचं?"

आई नेमकं काय करते, हे दोन ओळींत सांगा म्हटलं, तर साहेबाला सांगता येईना. मग मावशीच म्हणाल्या, चला, बघा. तोही मागोमाग आला, बहुधा मी काय लिहिते त्यावर नजर ठेवायला.

उबवणी केंद्र गल्लीच्या टोकाला होतं. आत उकाडा, पिसांचा वास आणि कालच अंड्यातून निघालेल्या शेकडो पिल्लांचा चिवचिवाट. मावशी दिव्याखाली बसल्या. पिल्लू उचललं, शेपटीखाली अंगठ्याने हलकेच दाबलं, नजर टाकली, डावीकडे. दुसरं, उजवीकडे. डावीकडे माद्या, उजवीकडे नर. माझं मोजणं मागे पडलं, त्यांचा हात थांबेना. शेजारी मुकादम डावीकडच्या पेटीतली शंभर पिल्लं पुन्हा तपासत होता. एकही नर निघाला नाही. मी आ वासून उभी. मला म्हणाल्या, तूही बघ. मी दहा बघितली, त्यातली सहा चुकली. मला सगळी सारखीच दिसत होती हो!

"कळतं कसं?" मी विचारलं.

त्यांना सांगता येईना. सासूबाई तीन वर्षं शेजारी बसून नुसतं हो-नाही म्हणायच्या, मग एके दिवशी दिसायलाच लागलं, म्हणाल्या. मी तिथेच गट नऊवर काट मारली आणि 'कुशल' लिहिलं. वरचे साहेब विचारतील तेव्हा विचारतील.

शेवटचा प्रश्न उरला होता, हेच काम पुढे चालू ठेवणार का. मी तो मोठ्याने वाचला. मावशींचा हात पहिल्यांदाच थांबला. त्या लेकाकडे बघत होत्या.

तो कधी पुढे आला, मला कळलंच नाही. कडक इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर, ओंजळीत एक पिल्लू.

"आई," तो म्हणाला, "हे काय आहे, नर की मादी?"

"आधी नीट धर," मावशी म्हणाल्या. "त्याला दुखतंय."

त्याने बोटं सैल केली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. मी 'हो'वर खूण केली.