दुकानात ठेवलेला फोन

समोर बसलेल्या साहेबांच्या चष्म्याची डावी काडी ढिली होती. चष्मेवाल्याचा हात सवयीने खिशातल्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला. पण तो खाली दारातच पोलिसांनी काढून घेतला होता.

"दर सोमवारी दुपारी फोन दुकानात आणि दुकानाला कुलूप," साहेब म्हणाले. "कॅमेऱ्यात तुम्ही पुलापर्यंत दिसता. पुढे बोळात शिरलात की गायब. कुठे जाता?"

मुलाकडे जात होता, दुसरीकडे कुठे जाणार! मोर्च्यात पकडलेला मुलगा सुटून आला, तेव्हा पोलिसांच्या धास्तीने बायको म्हणाली होती, त्याला भेटलात तर माझं मेलेलं तोंड बघाल. आता तो कुणाच्या नजरेत न येता एका बेकरीत पोती उचलत होता. त्याचा पत्ता इथे कळला तर तेही काम जाणार. आणि फोन दुकानात ठेवायचा तो काही सरकारला चुकवायला नव्हे, बायकोला. म्हातारपणी हरवू नका म्हणून लेकीने दोघांच्या फोनवर एकमेकांचा ठावठिकाणा दिसायची सोय करून दिली होती. चांगलीच सोय झाली!

"आणि गुरुवारी तुमच्या मिसेसचा फोन घरात, बाई त्याच पुलावर. आळीपाळीने निरोप कुणाला पोचवता?"

ही? गुरुवारी? चष्मेवाल्याला भरून आलं. साहेबांना दिसू नये म्हणून त्याने मान खाली घातली. बायको शेजारच्याच खोलीत होती. तिने काय सांगितलं असेल, देव जाणे.

"खरं सांगू, साहेब? बायकोची कटकट. सारखं आपलं, कुठे आहात, काय करताय. आठवड्यातून एकदा फोन टाकतो आणि सुटतो नदीकाठी."

साहेब उठून शेजारी गेले. परतले तेव्हा वैतागलेले होते.

"त्यांचंही तेच. तुमची कटकट." त्यांनी हात झटकला. "घरोघरी मातीच्या चुली. जा. फोन मात्र इथेच राहतील."

रस्त्यावर बायको दोन पावलं पुढे चालत होती. मागे एक माणूस बुटाची नाडी बांधायला थांबला. फारच वेळ बांधत होता.

"सोमवारी खोकला होता का त्याला?" तिने मागे न बघता विचारलं.

"होता. औषध नीट घेत नाही."

"तुमच्यावरच गेलाय."

पूल ओलांडल्यावर बेकरीचा बोळ डावीकडे होता. दोघंही उजवीकडे वळली.