जावईबुवांच्या वतीने

गुजरातमध्ये दारूबंदी आहे. म्हणजे कायद्याने सुरतेत कोणी पीतच नाही. मग सोडणारे लोक जमतात कुठे, हे विचारायचं तरी कोणाला? त्यात विचारणारे आमचे आप्पा.

झालं असं, की माझी बहीण वर्षा मुलीला घेऊन सुरतेतच उधन्याला आमच्याकडे येऊन राहिली. तिचा नवरा कुंदन, म्हणजे माझे दाजी, कापडाच्या लूमवर कामाला आहेत. ते धनश्रीला शाळेतून आणायला गेले, वाटेत तिला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि 'आलोच' म्हणून गल्लीत शिरले. सहा वर्षांची पोर मोठा रस्ता ओलांडून एकटी घरी आली. वर्षाने आरडाओरडा केला नाही. कपडे भरले आणि दाजींना सांगितलं, "दारू सोडणाऱ्यांची बैठक असते म्हणे. तिथे जा, चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगा. मग मी परत यायचा विचार करीन."

दाजी तयार होते. अडचण माझ्या वडिलांची होती. जावई म्हणजे आप्पांच्या लेखी देवघरातली वस्तू. शिवाय हे स्थळ त्यांनीच आईचा नकार डावलून पसंत केलेलं. जावई दारुडा ठरला तर घाटा कोणाच्या खात्यावर पडणार, हे त्यांना नीट कळत होतं. म्हणून ते स्वतः बरोबर निघाले. माझी नोकरी शहरातल्या पर्वत पाटिया भागात साडीच्या दुकानात, रस्ते ठाऊक, म्हणून मलाही घेतलं.

पहिल्या रविवारी आप्पांनी एका पानवाल्याला विचारलं, "भाई, इधर वो सत्संग किधर होता है? सुधारनेवाला?"

"आप्पा, दारूचं नाव घ्या ना," दाजी म्हणाले.

"भर चौकात? जावयाबरोबर उभा आहे मी."

पानवाल्याने हात केला तिकडे गेलो. भजनी मंडळ निघालं. कोणीतरी दाजींच्या हातात मंजिरे दिले आणि आरती होईपर्यंत ते वाजवावे लागले.

"वाटलं ना बरं?" बाहेर आल्यावर आप्पांनी विचारलं.

"फार. आता प्यावंसं वाटतंय."

पुढच्या आठवड्यात मी दवाखान्यात जाऊन सरळ विचारलं आणि पत्ता काढला. उधन्यातल्याच एका शाळेचा वर्ग, आमच्या घरापासून चालत जाण्याइतका. रविवारी घरच्यांनाही बसू देतात. बैठक सांभाळणारा सुकदेव हजीऱ्याच्या बंदरावर क्रेन चालवतो, दारू सुटून बरीच वर्षं झालेला माणूस. तो दाजींना म्हणाला, "बोला भाऊ, जमेल तसं."

दाजींनी घसा खाकरला. "मी कुंदन. मी..."

"आमचे जावई," आप्पा म्हणाले. "शिरपूरकडचे. घराणं चांगलं."

"काका, त्यांना बोलू द्या. घराणं माझंही चांगलंच होतं," सुकदेव म्हणाला.

"बोलतील ना. पण यांचं तसं काही नाही. कधीमधी, थकवा घालवायला. लूमच्या आवाजाने डोकं उठतं हो."

तिथे आडनाव सांगायचं नसतं. आप्पांनी शेजारच्याचं गाव विचारलं आणि बघता बघता त्याचा मामा शोधून काढला. त्या बिचाऱ्याने नंतर तोंड उघडलं नाही. दाजींची पाळी गेली ती गेलीच.

"बोलले?" घरी वर्षाने विचारलं.

"मी सांगितलं सगळं," आप्पा म्हणाले.

वर्षा आत गेली. दाजी चपला न काढताच फिरले. मी मागे धावलो.

"दाजी, कुठे?"

"अड्ड्यावर. तिथे निदान सासरा माझ्या वतीने पीत नाही."

मी त्यांना चहाच्या टपरीवर बसवलं. दोन चहा झाले तरी ते एकच वाक्य घोळवत होते, "मला बोलायचं होतं रे वाल्मिक."

तिसऱ्या रविवारी वर्गाच्या दारातच त्यांनी आप्पांना बजावलं, "आज मधे बोललात तर मी उठून जाईन." मग ते उभे राहिले.

"मी कुंदन. मी रोज पितो. पोरीला पायरीवर टाकून प्यायला गेलो. आखाजीच्या सणाला सासरी गेलो की सासरे माझ्यासाठी दमणची बाटली आणून ठेवतात. त्यांचं मन मोडवत नाही म्हणून घेतो, असं मी सांगतो. खरं म्हणजे ताट वाढायच्या आधीच माझी नजर कपाटावर असते."

आप्पांनी रुमालाने तोंड पुसलं ते पुसतच राहिले. ते वर्षानुवर्षं दारूबंदीच्या बाजूने बोलत आलेत.

घरी दारातच आईने विचारलं, "काय व्हयनं?"

"तिथलं बाहेर सांगत नाहीत," आप्पा म्हणाले. "नियम आहे." एवढ्या तत्परतेने त्यांनी आजवर कुठलाच नियम पाळला नव्हता.

"दुसऱ्याचं सांगायचं नाही, आप्पा. माझं मी सांगतो," दाजी म्हणाले, आणि सगळं पुन्हा बोलले, कपाटासकट. मग वर्षाकडे वळले. "आणि हे तिथे नाही सांगितलं. धनश्रीने मागून हाक मारली होती. मला ऐकू आली होती. नाही आली म्हणून मी तुझ्याशी खोटं बोललो."

वर्षाने दाराची चौकट धरली.

"इतकं खरं बोलायची काय गरज होती?" आप्पा पुटपुटले. "निम्म्यात भागलं असतं."

"पुढच्या रविवारी आप्पा घरी थांबतील," वर्षा म्हणाली. "मी येईन बैठकीला."

"आणि घरी?" दाजींनी विचारलं.

"घरी कधी, ते आज नका विचारू. आज तर मुळीच नका विचारू."

खोटं ठेवलं असतं तर कदाचित आजच बॅग निघाली असती, हा हिशोब दाजींच्या तोंडावर सरळ दिसत होता. ते जिना उतरले. मी निघालो तर "नको" म्हणाले. मग ते चौकात कुठे वळतात हे बघायला आम्ही सगळे, आप्पांसकट, गॅलरीत येऊन उभे राहिलो.

चौकात ते थांबले आणि त्यांनी वर बघितलं.

"घरी जातोय," ते खालून वैतागून म्हणाले. "आत जा सगळे."

आत कोणीच गेलं नाही.