मागच्या पट्टीतले दुधी

पहिला दुधी आला तेव्हा वसुधाने तो दारातच उलटासुलटा करून पाहिला. हिरवागार होता, नख सहज रुतेल इतका कोवळा. दुधीत काही खोट नव्हती. खोट असलीच तर देणारीच्या मनात असणार, असं तिला वाटलं.

कारण देणारी होती रुक्मिणी. मुलुंडच्या त्या दुमजली बिल्डिंगमध्ये दोघींची घरं तळमजल्यावर, दाराला दार. संपात गिरणी गेल्यावर रुक्मिणीचा नवरा लवू भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागला होता, आणि तिने बिल्डिंगमागच्या मोकळ्या पट्टीत दुधीचा वेल लावला होता. तो वेल वसुधाच्या खिडकीच्या गजांवर चढला तेव्हा वसुधा तिला नको तेवढं बोलली होती. तेव्हापासून बोलणं बंद. आणि आता ही दुधी घेऊन दारात!

"घेवा वहिनी. वेलीर खूप धरलेत."

मे तापत गेला तसे दुधी वाढत गेले. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. वसुधाने चणाडाळ घालून भाजी केली, किसून थालीपिठं लावली, कोफ्ते तळले, सालांची तीळ घालून चटणी केली. दूध आटवून हलवाही करून झाला. नवरा मार्तंड बँकेतून आला की बूट काढता काढता विचारायचा, "आज कुठल्या वेषात आहे गं?"

"तुला थट्टा सुचतेय. ती एवढे का देतेय ते सांग."

"जास्त झालेत म्हणून."

"मग वरच्या शुभाला का नाही देत? मी विचारलं तिला. अख्ख्या उन्हाळ्यात तिला एक मिळाला. आपल्याच घरावर एवढी मेहेरबानी कशाला?"

मार्तंडने पेपर उघडला.

त्यातच एका दुपारी तिला खिडकीतून लवू दिसला. तो आणि आणखी एक माणूस सुंभ धरून मागची भिंत मोजत होते. वसुधाची खात्रीच पटली. हे लोक पट्टीवर शेड घालणार! आणि आपण बोंब मारू नये म्हणून आधीच आपलं तोंड दुधीने बंद करून ठेवलंय. तिने तो हलवा आठवला, आपण वाटी चाटूनपुसून खाल्ली होती तेही आठवलं, आणि स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणी तीन दुधी कवेत घेऊन आली. वसुधाने हात पुढे केला नाही.

"रुक्मिणीबाई, सरळ सांगा. काय पाहिजे तुम्हाला? शेड घालताय ना मागे?"

"शेड?" रुक्मिणी गोंधळली. "कसली शेड? तुमच्या खिडकीवरसून वेल काढूक मांडव घालतत हे."

"आणि हे दुधी? उगाच कोणी देत नाही एवढे."

रुक्मिणीने कवेतले दुधी सावरले. नाही म्हणाली असती तर वसुधा आणखी भडकली असती. पण ती हळूच म्हणाली, "उगाच नाय दिलंय. तुमच्याकडे फोन आसा."

बिल्डिंगमध्ये फोन एवढाच होता.

"माझ्या जानकीचा दुसरा बाळंतपण, सासरीच. दिवस भरत इलेत. पोस्टातसून फोन करूक जावयाक हयलो कोणाचो तरी नंबर होयो. वेलीवरसून तुम्ही रागावलात, मगे कसा मागूचा? म्हटलंय, आधी जरा बोलणा तरी सुरू होऊंदे."

म्हणजे संशय खरा निघाला होता. बाईला हवंच होतं काहीतरी. पण जिंकल्याचं सुख मात्र वसुधाला मिळेना. तिने दुधी घेतले, आत जाऊन कॅलेंडरच्या कोपऱ्यावर नंबर लिहिला आणि तो फाडून रुक्मिणीच्या हातात ठेवला. "रात्री-बेरात्रीही करायला सांगा," एवढंच म्हणाली.

फोन आला तो भर दुपारी. वसुधाने दारातूनच हाक मारली, रुक्मिणी पिठाच्या हातांनी धावत आली. खरखरीतून एकच शब्द नीट कळला, आणि रिसिव्हर तसाच धरून रुक्मिणी रडायला लागली. नात झाली होती.

त्यानंतर दुधी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. "बघ," वसुधा मार्तंडला म्हणाली, "काम झालं, दुधी बंद." म्हणताना तिला कुठेतरी बरंही वाटलं आणि वाईटही.

पण शुभाकडून कळलं की फोन आला त्याच संध्याकाळी रुक्मिणी गावाला गेली होती. वसुधा मागे जाऊन पाहते तो नव्या मांडवावर दुधी लोंबत होते, दोन तर जून व्हायला आलेले. तोडायचे कोणी? लवू ड्यूटीवरून येऊन पाव-चहावर भागवत असणार. तिने पदर खोचला, दुधी काढले, डाळ भिजत घातली, आणि संध्याकाळी भाजी-पोळीचा डबा घेऊन समोरचं दार वाजवलं.

लवूने डबा पाहिला, तिच्याकडे पाहिलं. हात काही पुढे केला नाही.

"काय काम होता काय, वहिनी?"

"काम कसलं? दुधी फार झालेत," वसुधा म्हणाली.

लवूने डबा घेतला खरा, पण दार लावून घेईपर्यंत तो तिच्याकडे बघतच होता.