बिनदाताच्या तोंडातले किडे

लॉन्ड्रीमागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गालाला फडकी बांधलेली माणसं भिंतीला टेकून कण्हत होती आणि मधोमध बसले होते दातवाले महाराज. समोर पाण्याची परात, परातीत तापलेली वीट. विटेवर तेलात घोळलेलं बी टाकायचं, रोग्याला त्यावर तोंड उघडून वाकवायचं आणि वरून चादर ओढायची. चादर काढली की पाण्यात पांढरे, वाकडे किडे तरंगताना दिसत.

"बघा, बघा, अख्खं सैन्य दडलं होतं!" महाराज ओरडत. "डॉक्टर दात उपटतो, आम्ही किडा उपटतो! दात तुमचा तुम्हाला, किडा तेवढा आम्हाला!"

लोक हात जोडत. मी शाळेत विज्ञान शिकवते. एरवी अशा जागी फिरकलेही नसते, पण माझी धाकटी बहीण तिथे बसली होती. तिला आठवा महिना लागलेला. उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता, अंग तापाने फणफणलं होतं, तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं.

"ताई, भांडू नकोस," ती कशीबशी बोलली. "सकाळपासून बाळ नीट हलत नाहीये. मी आता आणखी कुठे जाऊ, सांग."

ती खरंच सगळीकडे जाऊन आली होती. प्रसूतीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिरड्यांतून रक्त येतंच या दिवसांत. बाळंत झालीस की दातांचं बघ." दातांच्या डॉक्टरांनी तिचं पोट पाहिलं आणि हातच मागे घेतला. "उद्या काही झालं तर आमच्या गळ्यात पडेल," म्हणाले. दुखणं महिनोन्‌महिने वाढत राहिलं.

तिला इथे आणलं ते तिच्या सासूबाईंनी. "एका लेकरामागे एक दात जायचाच," असं त्या पहिल्यापासून म्हणायच्या. बाई वाईट नव्हत्या. सुनेचा गाल शेकून शेकून त्यांची बोटं पोळली होती.

"मावशी, हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात नेऊ," मी सासूबाईंना म्हटलं.

"आणि त्यांनीही परत पाठवलं तर?" त्यांचे डोळे भरून आले. "एवढं होऊ दे गं. बुडत्याला काडीचा आधार."

धाकटीचा नंबर आला. चादर आणि धूर बघून ती मागे सरकली. तेव्हा मावशीच पुढे झाल्या. "महाराज, आधी मला घ्या. तिला धीर येईल. माझ्याही हिरड्या ठणकतात." त्या क्षणभर भिंतीकडे वळल्या, रुमाल तोंडाशी नेला आणि परातीवर वाकल्या.

बी तडतडलं, धूर झाला, मंत्र झाले. चादर निघाली तेव्हा पाण्यात किडेच किडे.

"आई, मागच्या दाढेत वारूळच होतं की!" महाराज गरजले.

मावशींनी पाण्याकडे पाहिलं. मग सावकाश रुमाल उघडला. आत त्यांची कवळी होती, वरची आणि खालची.

"कुठल्या दाढेत?" त्यांनी बोळक्या तोंडाने विचारलं. "माझ्या सगळ्या दाढा तर या इथे आहेत."

कोणीतरी फिसकन हसलं. मी पुढे होऊन मूठभर बी विटेवर टाकलं. वर कोणीच वाकलेलं नव्हतं, तरी किडे पाण्यात पडले. "बी तापलं की टरफल फुटतं," मी सगळ्यांना सांगितलं. "आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. तोच यांचा किडा."

महाराज गडबडले, पण गप्प बसले नाहीत. "मास्तरीणबाई, हे लोक माझ्याकडे का येतात ते विचारा की! तुमच्या डॉक्टरांनी दार लावलं, म्हणून येतात!"

त्या लबाडाचं तेवढं एक बोलणं खरं होतं. मी बहिणीला धरून बाहेर काढलं.

मोठ्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला परत पाठवलं नाही. भूल दिली, पू काढला, सडलेली दाढ काढली. "गरोदरपणी हे करता येतं," त्या चिडून म्हणाल्या. "सुरुवातीलाच आला असतात तर दाढही वाचली असती. आता विष अंगात भिनलंय."

त्याच संध्याकाळी धाकटीला कळा सुरू झाल्या. मुलगी अवेळी झाली. काचेच्या पेटीत ठेवली आहे, श्वास घेते आहे. पुढचं कोणी सांगत नाही. दाढेमुळेच असं झालं का, हेही कोणी खात्रीने सांगत नाही. धाकटी शुद्धीवर आली की एकच विचारते, "आहे ना?"

"डॉक्टर, माझेही दात वाचले असते?" मावशींनी दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"बहुतेक वाचले असते, आजी. मूल दात नेत नाही. दुर्लक्ष नेतं."

मावशी पेटीसमोर बसून खूप रडल्या.

आज तपासणीच्या रांगेत एक पोटुशी पोर डॉक्टरांना सांगत होती, "ब्रश करताना रक्त येतं." डॉक्टर तिच्या तोंडाकडे न बघताच म्हणाले, "होतंच या दिवसांत. पुढची!"

मावशी बाकावरून उठल्या आणि त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, पोट बघितलंत. आता तिला तोंड उघडायला सांगा आणि तेही बघा. तोवर मी पुढचीला येऊ देणार नाही."