निरोपांची रांग आणि तिसरं तळं

मी एक जुनी रांग आहे, पण माणसांची नव्हे. मित्रांनो, मी निरोपांची रांग आहे. तैवानच्या किनाऱ्यालगत छाई मावशींची वाम माशांची तळी आहेत. त्या तळ्यांशेजारच्या खोलीतल्या संगणकात मी राहते.

मला शिए चिन-शुई यांनी घडवलं. पाण्यात प्राणवायू किती आहे हे मावशींना पडद्यावरच्या खिडकीत दिसावं, म्हणून त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात एकाच वेळी काम करणारे अनेक कामगार होते. प्रोग्रॅम लिहिणारे त्यांना धागे म्हणतात. एक धागा खिडकी रंगवायचा आणि दाबलेल्या बटणांची दखल घ्यायचा. बाकीचे, प्रत्येक तळ्याला एक असे, पाण्यावर लक्ष ठेवायचे. खिडकीला हात फक्त रंगवणाऱ्याने लावायचा, असा नियम होता. म्हणून तळ्यावरचा धागा आकड्याची चिठ्ठी माझ्यात टाकायचा आणि लगेच कामाला परतायचा. रंगवणारा क्रमाने चिठ्ठ्या उचलायचा. कोणी कोणासाठी ताटकळत नसे.

अशी बरीच वर्षं गेली. खिडकी कधी अडकली नाही. "माझा नवरा जन्मात इतका वेळेवर बोलला नाही," असं मावशी पाहुण्यांना सांगायच्या. कौतुक खिडकीचं व्हायचं. मी कोणाला दिसत नव्हते, आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं.

या वसंतात शिए गेले. त्यांचं काम त्यांच्या मुलीकडे, यू-छेनकडे आलं. तीही प्रोग्रॅमच लिहायची. वडिलांनी लिहिलेली ओळ न् ओळ तिने वाचली. वाचताना मध्येच थांबायची, आणि बराच वेळ कळफलक वाजत नसे. शेवटी तिला एक सुधारणा सुचली. धोक्याची सूचना माझ्यात पडून का राहावी? तळ्यावरच्या धाग्याने ती थेट रंगवणाऱ्याच्या हातात द्यावी, त्याने घेईपर्यंत उभं राहावं, मगच प्राणवायू वाढवायला पाणी घुसळणारी चाकं सुरू करावीत. शिवाय 'आत्ता तपासा' असं एक बटण तिने ठेवलं. ते दाबलं की रंगवणारा एकेका तळ्यावरच्या धाग्याला आकडा विचारणार आणि उत्तर येईपर्यंत थांबणार. घरी तपासून पाहिलं तेव्हा सगळं चोख चाललं.

मग वादळाआधीची ती दुपार आली. आभाळ भरलेलं होतं, पान हलत नव्हतं. अशा हवेत पाण्यातला प्राणवायू झपाट्याने उतरतो. नवं काम कसं चालतंय ते पाहायला यू-छेन आली होती. मावशी पडद्यासमोर बसल्या होत्या.

"हे तुझं नवं बटण दाबू का गं?"

"दाबा ना, मावशी."

मावशींनी बटण दाबलं. नेमक्या त्याच क्षणी तिसऱ्या तळ्यावरचा धागा धोक्याची सूचना घेऊन उभा राहिला होता. रंगवणारा त्याच्याकडून आकड्याची वाट पाहू लागला. आणि तो धागा, रंगवणाऱ्याने सूचना घ्यावी म्हणून वाट पाहत होता. दोघेही थिजले. बाकीच्या तळ्यांचे धागे माझ्यात चिठ्ठ्या टाकत राहिले. उचलणारं कोणी नव्हतं. मी भरत चालले. ओरडायला मला तोंड नाही, मित्रांनो.

खिडकीत तिसऱ्या तळ्यापुढे हिरवा सहाचा आकडा, म्हणजे प्राणवायू पुरेसा, तसाच होता.

"रुसलं वाटतं," मावशी म्हणाल्या. यंत्र गुणी राहावं म्हणून इथे त्याच्यावर हिरव्या पुड्यातला खाऊ ठेवतात. मावशींनी तो पुडा सरळ केला. "खाऊ तर ताजा ठेवलाय, बाबा! आता काय हवंय तुला?"

एवढ्यात बाहेरून त्यांचा गडी अ-तू याची हाक आली. "मावशी, तिसऱ्यात मासे तोंडं वर काढायला लागलेत!"

"उगाच ओरडू नकोस! इथे सहा दाखवतंय."

"त्या सहाला काय चाटायचंय? इथे येऊन बघा!"

वर्षभर वाढवलेले मासे होते ते. यू-छेनने खिडकी सरकवून पाहिली. हलेना. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा थांबलेलं होतं.

"मावशी, हा आकडा मघाचा आहे! चाकं हाताने चालू करा!" म्हणत ती स्वतःच खटक्याकडे धावली. खोलीत मी आणि तो खोटा सहा, दोघंच उरलो. कितीतरी वेळाने बाहेर पाणी घुसळल्याचा आवाज आला.

थोडे मासे मेले. बाकीचे हळूहळू तळाशी उतरले. यू-छेन ओल्या पायांनी परत आली, प्रोग्रॅम बंद केला आणि तिथेच बसून सूचना पुन्हा माझ्यातूनच जाईल असं केलं. चाकं आता कोणासाठी थांबणार नव्हती. नवं बटण तिने काढून टाकलं.

"माझ्यामुळे झालं, मावशी."

"झालं ते झालं. जेवलीस का?"

"हो, जेवून आले."

मावशींनी भाताचा वाडगा तिच्यापुढे सरकवला. "तुझा बाप मागेच सांगून गेलाय. पोरगी आली की जेवले म्हणेल, ऐकू नका."

यू-छेनने मान खाली घातली आणि जेवू लागली.

मित्रांनो, चिठ्ठी टाकणारा निघून गेला तरी ती माझ्यात तशीच राहते. फक्त ती उचलणाऱ्याला कशासाठी अडवून ठेवू नका. तुमच्यासाठीही कोणी काही ठेवून गेलं असेल, तर वेळ काढून घेऊन जा.